कंपनीतलं नाव

“अहो सुहासराव!”

भर बाजारात मी हाक मारली. वांग्यांच्या ढिगापलीकडं, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्यावर माझा नातजावई पाठमोरा उभा होता. वळला नाही. माझा आवाज काही चिमणीचा नाही. गल्लीत मी मांजर हाकललं तर शेजारची पोरं पुस्तक उघडून बसतात. मी पुन्हा हाक मारली. हा आपला कोथिंबिरीची जुडी हुंगतोय.

तेवढ्यात चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, “ए धैर्या! उद्या सेकंड शिफ्टला हाईस का?”

आणि हा गर्रकन वळला. “न्हाई रं, फर्स्टला!”

वळल्यावर समोर मी. त्याचं तोंड दूध नासल्यासारखं झालं.

“आजी? तुम्ही कधी आलासा?”

“तुम्ही सुहास होतासा तेव्हाच आले,” मी म्हणाले. “धैर्या कोण?”

तो हसला. हसू उशिरा आलं, ते मी बघितलं. “कंपनीतल्या पोरांनी टोपणनाव पाडलंय. मी लई धीराचा म्हणून.”

मी वांगी निवडायला लागले. वांगं वरून तुकतुकीत असलं की मी ते आधी उलटं करून देठापाशी बघते. कीड तिथनंच शिरते. माणसाचंही तसंच. आणि टोपणनाव म्हणजे काळ्या, ढब्ब्या, लांब्या. धैर्या, हे कुणा सरदाराच्या घरातलं नाव टोपण म्हणून कोण पाडतं?

मयूरी माझ्या थोरल्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ही पाळण्यातनं उतरलेली. जावयानं दुसरं लग्न केलं, मी पोरीला उचलून कुपवाडला आणली आणि त्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिला मी वाढवली, बारावी केली, आणि तिचं लग्नही मीच माझ्या डोळ्यानं पारखून केलं. म्हणजे पोरगी फसली असती तर नाक माझं कापलं जाणार होतं आणि जन्म तिचा जाणार होता. तिला परतून जायला बाप नव्हता. माझ्यामागं तर कुणीच नव्हतं.

बघायला आले तेव्हा मी पहिलाच प्रश्न टाकला होता, “कायम आहात का?”

आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. कायम. कायम म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. भोंगा झाला की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आक्काचे मालक निघाले. साहेब बदलले, कारखान्याचे चेअरमन बदलले, पण ह्यांची कामाची जागा हलली नाही.

सुहास म्हणाला, “सध्या ब्रेक न्हाई, आजी.”

मी म्हटलं, “ब्रेक न्हाई तर गाडी थांबवता कशी?”

सगळे हसले. मग त्याच्या वडिलांनी, आण्णासो चौगुल्यांनी, सांगितलं की पोरं ठेकेदाराच्या हाताखाली असतात, काही महिने झाले की कंपनी त्यांना घरी बसवते, मग परत घेते नाहीतर घेत नाही. त्याला ब्रेक म्हणतात. कुणी कायम होऊ नये म्हणून ही युक्ती. मला ते पटलं नव्हतं. पण पोरगा निर्व्यसनी, आयटीआय झालेला, बोलताना नजर खाली न टाकणारा. दोघंच भाऊ. धाकटा बंड्या, काटकुळा, पोलीस भरतीसाठी पहाटे उठून पळणारा. त्याला गावात सगळे बंड्याच म्हणायचे. त्याचं खरं नाव मी विचारलं नाही. मुलगी त्याला द्यायची नव्हती, नाव कशाला विचारू? पत्रिकेत छापलेलं असणार. मी तिसरी शिकलेली. अक्षर कळतं, पण ओळ लावायला वेळ जातो. पत्रिकेत मी आमच्या ह्यांचं नाव वर घेतलंय का तेवढं बघितलं आणि घडी घालून ठेवली.

लग्नात मयूरीनं दणक्यात नाव घेतलं. उखाणा मी शिकवलेला. उखाण्यात माझा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. बारसं असो, डोहाळजेवण असो, आधी मला उभं करायचे. हे गेले तसं मला ‘नाव घे’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. हळदीकुंकवाला जाते, मागं बसून वाती वळते.

लग्नानंतर दोघं माझ्याच मागच्या खोलीत राहायला आली. कंपनी जवळ पडते म्हणून. मयूरी आधी एका मसाल्याच्या शेडमध्ये पॅकिंगला जायची. लग्न ठरल्याचं कळलं तसं मुकादमानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नको, लग्न झालेल्या पोरी रजा फार घेतात. तिनं एकही रजा घेतली नव्हती. मी भांडायला निघाले होते, तिनंच धरून ठेवलं. म्हणजे घरात कमावता एकटा सुहास, आणि त्याच्या नावाचाच पत्ता नाही.

त्या बाजारापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला.

एक. रोज दाढी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गाल असा की माशी घसरावी. आमच्यात कामावर जाणारा बाप्या रोज एवढा कशाला घोटतो?

त्याचं कंपनीचं कार्ड असतं ना, गळ्यात अडकवायचं, ते कोपऱ्यावर जाऊन गळ्यात घालायचा आणि परत येताना कोपऱ्यावरच काढून खिशात. शेजारच्या इंदूचा पोरगा तर कार्ड घालून संडासला जातो.

आणि एक दिवस मी मागच्या खोलीत ताक घेऊन गेले, तर मयूरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानामागचे पांढरे केस चिमट्यानं उपटत होती. दोघं खुसुखुसु हसत होती. मला बघून गप्प.

“एवढं नवरदेव व्हायचं काय काढलंय परत?” मी विचारलं.

“शोभतंय का बघत होते,” मयूरी म्हणाली.

“कुणाला शोभवायचंय?”

“आजी, तुझं आपलं काहीतरीच.”

मी तिच्याकडं बघितलं. पोरगी खोटं बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. गुंडाळत होती. मला वाटलं, हिला माहीत आहे. नवऱ्याचं दुसरीकडं काहीतरी आहे, आणि आईविना वाढलेली पोर, संसार मोडायला नको म्हणून गिळून बसली आहे. त्या दिवशी ताक मी तसंच परत आणलं.

दसऱ्याच्या आधी इंदू पाण्याला आली. तिचा पोरगा कंपनीची बस चालवतो.

“आक्का, खंडेनवमीला काय नेसणार?”

“मी कुठं निघालेय?”

“अगं बाई! कंपनीत न्हाई का? यंदा घरच्यांना बोलावलंय. मशीनची पूजा, जेवण, बायकांचे खेळ. ठेकेदाराकडच्या पोरांच्या घरच्यांनापण आणा म्हणलेत. सुहासनं सांगितलं न्हाई?”

सुहासनं आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं, “यंदा कंपनीनं काय ठेवलं न्हाई, आजी. नुसता नारळ फोडणार.”

मी इंदूला म्हटलं, “सांगितलं की. जांभळं नेसणार.”

खंडेनवमीला तो पहाटेच गेला. मी मयूरीला म्हटलं, “आवर. कंपनीत जायचंय.”

ती भाकरी भाजत होती. हातातलं उलथनं तसंच राहिलं. “कशाला?”

“हत्यारांना हळदकुंकू वाहायला.”

“नको, आजी. ते रागावतील.”

“तो रागावंल म्हणून नको, का तिथं आधीच कुणी बसली असंल म्हणून नको?”

“कोण बसणार?”

“ते तिथं गेल्यावर कळंल. धैर्या म्हणून हाक मारणारी कोण हाय ते मला बघायचंय.”

तिचं तोंड पांढरं पडलं. “आजी, तुझ्या पाया पडते. तुझं तोंड म्हणजे—”

“माझं तोंड हाय म्हणून तू एवढी झालीस. न्हाई येत तर नको येऊ. मी इंदूबरोबर जाते.”

मग मात्र ती उठली, हात धुतले, साडी बदलली. मला एकटीला पाठवायला भ्याली. मला तेव्हा वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी भ्याली.

निळ्या गेटाची कंपनी. पंपाचे लोखंडी भाग करतात तिथं. आत गेलो तर सगळी शेड धुऊन काढलेली, मशीनांना झेंडूच्या माळा, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, आणि हातोड्या, पाने, कानशी पाटावर ओळीनं मांडून त्यांच्यावर फुलं. बघून डोळे निवले. आमचे हे असेच मांडायचे. पाना आधी तेलाच्या फडक्यानं पुसायचे, मग त्याला नमस्कार, आणि मग घरच्या देवाला.

पुढं खुर्च्यांवर निळ्या शर्टांची माणसं, त्यांच्या बायका, पोरं. राखाडी शर्टांची पोरं उभी. कुणी पत्रावळ्या मांडतोय, कुणी जिलेबीची पातेली ओढतोय. निळे कायमचे, राखाडी ठेकेदाराचे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी डोळ्यानं बायका शोधत होते. कोण त्याच्याकडं बघतंय, कोण मयूरीला बघून मान फिरवतंय. कुणीच नाही.

सुहास पाण्याचा जग घेऊन खुर्च्यांच्या ओळीत फिरत होता. आम्ही दिसलो तसा जग तिरका झाला, एका साहेबाच्या पॅंटवर पाणी सांडलं.

“चौगुले, लक्ष कुठंय?” साहेब म्हणाला. हा पोतदार, त्याच्या शिफ्टचा साहेब. बारीक डोळ्यांचा माणूस. सुहास कुठं बघतोय ते तो बघायला लागला, आणि मग आमच्याकडं.

सुहास जवळ आला. ओठ न हलवता बोलला, “आजी, घरी जावा. पाया पडतो. आत्ता जावा.”

“का? जिलेबी कमी पडंल?”

“मयूरी, तू तरी…”

“मी सांगितलं,” मयूरी म्हणाली. तिचा पदर बोटाला आवळलेला.

माझा संशय तेव्हा असा तापला होता की त्याच्यावर भाकरी भाजली असती. मी पुढच्या ओळीत जाऊन बसले. मयूरीला शेजारी बसवलं. म्हटलं, आता बघू कुठली कीड कुठल्या देठातनं निघते.

पूजा झाली, जेवणं झाली. मग ऑफिसातली मॅडम उभी राहिली, हातात माईक. चांगली होती हो पोरगी, नऊवारी नेसून आलेली, पण निऱ्या पाठीमागं गेलेल्या. म्हणाली, आता महिलांनी नाव घ्यायचं. छान घेईल तिला कुकर. एकेक बाई उठली. काय ते उखाणे! चांदीच्या ताटातलं श्रीखंड अजून संपलं नाही म्हणा. मी मनातल्या मनात दात खात बसले होते.

मागून एक राखाडी शर्ट ओरडला, “मॅडम, धैर्याची बायको आलीया! नवीन लगीन हाय!”

सगळी पोरं ओरडायला लागली. “धैर्या! धैर्या!”

मॅडम हसत सुहासकडं गेली. त्याच्या गळ्यातलं कार्ड हातात धरलं, आणि माईकवर वाचलं, “धैर्यशील आण्णासो चौगुले यांच्या सौभाग्यवतींनी पुढे यायचंय!”

टाळ्या झाल्या. माझ्या कानात मात्र टाळ्या शिरल्या नाहीत.

धैर्यशील. आण्णासो. चौगुले.

दुसऱ्या बाईसाठी नाव बदललं असतं तर बापाचं नावही बदललं असतं. इथं बाप बरोबर, आडनाव बरोबर. एकट्या पहिल्या नावाचीच अदलाबदल. आणि आण्णासो चौगुल्याला पोरं दोनच. एक सुहास. दुसरा तो काटकुळा, पहाटे पळणारा, ज्याचं खरं नाव मी कधी विचारलं नाही.

रोजची दाढी. उपटलेले पांढरे केस. माझ्या डोक्यात सगळं एकदम खडखडत खाली बसलं, चाळणीत गहू बसावा तसं. हा धाकट्या भावाच्या नावावर कामाला लागलाय. तरणा दिसायला हवा म्हणून घोटतोय. आणि माझ्या नातीला सगळं ठाऊक आहे.

मयूरी तोवर पुढं गेली होती. तिला ढकलत नेलं होतं बायकांनी. मॅडमनं माईक तिच्या तोंडाशी धरला.

“घ्या, धैर्यशीलरावांचं नाव घ्या.”

पोरगी मुकी.

“लाजली, लाजली!” बायका हसल्या.

ज्यांनी नाव घेतलंय त्यांनाच कळेल तिची गत काय झाली असेल. सुहास म्हणावं, तर नवरा तिथंच उघडा पडला. कामावरनं हाकलतील, दुसऱ्याचे कागद वापरले म्हणून चौकीवर नेतील, आणि बंड्याची पोलीस भरती तिथंच बुडाली. आणि धैर्यशील म्हणावं? दिराचं नाव नवरा म्हणून घ्यायचं? ज्याला ताटात वाढताना पोटच्या पोरासारखं वाढायचं त्याचं? तेही देवाधर्माच्या दिवशी, पुजलेल्या हत्यारांसमोर, माईकवर? आमच्यातली बाई जीभ तोडून देईल, पण ते नाव त्या जागी घेणार नाही. मयूरीचे ओठ हलत होते. एकदा ‘स’ झाला. मी तो ‘स’ बघितला.

पोतदार खुर्चीत पुढं सरकला. हसत म्हणाला, “अहो, नवऱ्याचं नाव तरी माहितीय ना?”

सगळे खदखदले. तो एकटा हसायचा थांबला होता. तो सुहासकडं बघत होता, मग तिच्याकडं, मग परत त्याच्याकडं. माझ्याच नजरेनं बघत होता. संशयी माणसाला संशयी माणूस लांबून ओळखू येतो.

मी उठले.

“माईक इकडं आण,” मी म्हणाले.

मॅडम गोंधळली. “आजी, तुमचा नंबर नंतर—”

“थोरलीच्या आधी धाकटीनं नाव घ्यायचं नसतं आमच्यात. म्हणून पोरगी गप्प बसलीय. तुम्हाला रीत माहीत न्हाई, तिला माहीत हाय.”

असली रीत आमच्यात नाही. कुणातच नाही. पण मी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात सांगितलेली रीत कुणी तपासत नाही.

मॅडमनं माझ्या कपाळाकडं बघितलं. मग गळ्याकडं. दोन्हीकडं काही नव्हतं. तिच्या हातातलं कुंकवाचं ताट आपोआप मागं गेलं. शेजारची एक बाई कुजबुजली, “अगं, त्या तर…” आणि थांबली. इंदूनं तोंडावर हात ठेवला.

हे गेल्यापासून त्यांचं नाव मी तोंडातनं काढलं नव्हतं. कुणाला सांगायची वेळ आली तर आमचे हे, मालक, नाहीतर मयूरीचे आजोबा. नाव जिभेवर यायला क्षणभर लागलं. शब्द मात्र पाटावरच्या कानशीनं दिले. मी म्हटलं,

“खंडेनवमीला पुजली ऐरण, हातोडी, कानस,
केरबारावांचं नाव घेते, हत्याराआधी पुजा माणूस.”

 विधवा बाईनं सवाष्णींच्या खेळात उठून नाव घेतलं, ह्याच्यावर हसावं, रडावं की उठून जावं हे कुणाला उमजेना. निळे शर्ट साहेबांकडं बघत होते, साहेब मॅडमकडं. आणि मग मागून राखाडी पोरांनी टाळ्या सुरू केल्या. पातेली वाजवली, डाव वाजवले. थांबेचनात.

मयूरीला हुंदका फुटला. मी तिला पोटाशी धरलं आणि माईकवरच म्हटलं, “आजोबांची आठवण आली पोरीला. चला, आम्ही निघतो. कुकर द्या कुणाला द्यायचा त्याला.”

पोतदारच्या समोरनं जाताना मी थांबले. “साहेब, पॅंट वाळली का?”

त्यानं नुसती मान हलवली. पण त्याचे डोळे बारीकच होते.

संध्याकाळी सुहास आला आणि उंबऱ्यावरच बसला. मयूरी चुलीपाशी. मी जात्यासारखी मधे.

“कसं कळलं तुम्हाला?”

“बापाचं नाव खरं होतं तुमचं. तेवढं एकच खरं होतं.”

तो खाली बघत बोलायला लागला. “वय बसत न्हाई, आजी. पंचविशीच्या वरचा पोरगा घेत न्हाईत. माझ्या नावावर मी तिथंच आधी काम केलं. ब्रेक दिला, परत उभं केलं न्हाई. ठेकेदारच म्हणाला, भाऊ हाय का धाकटा? त्याचे कागद आण.”

“आणि आधी काम केलेला तोच हा, हे कुणी ओळखलं न्हाई?”

“साहेब बदलले. आणि राखाडी शर्टाचं तोंड कोण बघतंय?”

“बघायला आलात तेव्हा सांगायचं होतं.”

“मग दिली असती?” त्यानं मान वर केली. “खरं सांगा.”

 मयूरी म्हणाली, “मला लग्नाआधी सांगितलंय त्यांनी. मी चालंल म्हणले. मी माझ्या खऱ्या नावावर होते, तरी मला काढलंच की.”

“तू गप्प बस. दोघांचं शहाणपण एकत्र केलं तरी वाटी भरायची न्हाई.” मग मी त्याच्याकडं वळले. “एक सांग. मशीनमध्ये हात गेला तर?”

पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“गेला तर… दवाखान्यात नेतील.”

“कुणाला नेतील? कागदावर बंड्याचा हात तुटंल. आणि तुटलेला तुझा असंल. ही कुणाची बायको म्हणून दारात उभी राहायची?”

मयूरीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.   आमच्या ह्यांना एकदा पट्ट्यात बोट सापडलं होतं, तर कारखान्याचा डॉक्टर घरी आला होता. मी ते सांगणार होते, पण सांगून काय करायचं?

“दुसरं काम बघतो मी,” तो म्हणाला. “मिळंस्तोवर हेच.”

“जेवून घे,” मी म्हटलं.

दसरा झाला. पुढच्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा घालत होते. कंपनीची बस कोपऱ्यावर उभी, सुहास आत जाऊन बसलेला. तेवढ्यात एक मोटारसायकल गल्लीत शिरली आणि इंदूच्या दारात थांबली. पोतदार. रस्ता वाकडा करून आला होता. इंदूच्या नातवाला विचारत होता, “बाळ, इथं चौगुले काका कुठं राहतात रे? नाव काय त्यांचं?”

पोरगं नाक ओढत विचार करत होतं. पोरगं खरं सांगणारं होतं.

मयूरी सुहासचा विसरलेला डबा घेऊन दारात आली. पोतदारला बघून ती जागच्या जागी थिजली. मी तिच्या हातातला डबा घेतला, साडीचा काष्टा आवळला आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिले. मग असा आवाज काढला की बसच्या काचा हलल्या असतील.

“धैर्याऽऽ! ए धैर्या! डबा कोण, तुझा बाप नेणार का?”

बसच्या दारातनं तो उतरला. पळत आला. माझ्या हातातनं डबा घेतला, माझ्याकडं बघितलं, पोतदारकडं बघितलं.

“आज्जी, चुकलं,” म्हणाला.

“रोजचंच हाय तुझं, धैर्या. लग्नात अक्षता तेवढ्या विसरला न्हाईस, एवढं नशीब.”

पोतदारनं गाडीला किक मारली. जाताना मला नमस्कार केला. मीही केला. दोघांनाही काय ते कळलं असावं, पण त्याच्या हाताला काही लागलं नाही.

मागं वळून बघते तर मयूरी दाराच्या आड पदर तोंडात कोंबून हसत होती. मी म्हटलं, “दात काय काढतीस? दिराचं नाव तू घ्यायचं नसतं. मी घेऊ शकते.”

पुढच्या उन्हाळ्यात बंड्याची भरती झाली. गावभर पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात सुहासला कंपनी सोडावी लागली. पोलिसात गेलेला धैर्यशील निळ्या गेटात मशीन कसं चालवणार? पेढा हातात घेऊन तो घरी बसला. त्यानंतर त्यानं कुठं कुठं काम केलं, कुणाकुणाच्या हाताखाली आणि एकदोनदा कुणाकुणाच्या नावावर, ते मी विचारलं नाही. आता एका गोदामात आहे. स्वतःच्या नावावर आहे, पण कायम नाही. दरवर्षी नवी बोली.

दिवाळीला दोन्ही भाऊ माझ्याकडं येतात. फराळाच्या ताटावरनं मी “धैर्या” म्हणून हाक मारली की दोघंही एकदम “ओ” देतात, आणि मयूरीची पोरं लोळून हसतात.

“सुहासराव” म्हटलं तर मला अजून दोनदा हाक मारावी लागते.